जमा

फरवानियात, सहाव्या मजल्यावर,
सोफ्याला टेकून बसलीय पाहुणीसारखी
सहाशे मिलिमीटरची लेन्स.
लग्नं टिपून टिपून डोळे विटले तेव्हा
जहराच्या पाणथळीतल्या पाखरांसाठी घेतली होती.
अकरा हप्ते. बायकोला सांगितले सात.

आता विकायचीय. इकामा संपतोय,
मुलीची फी आहे, आणि पाखरं काय,
ती लेन्स नसली तरी उतरतात.

जाहिरात टाकली रात्री नऊला.
नंबरातले शेवटचे चार आकडे अंगठ्याखाली झाकून
फोटो काढले, एवढं शहाणपण होतं.
नऊ वाजून सहा मिनिटांनी हेरंब पेडणेकर:
"धुरी म्हंजे आमच्याच वाटेर. मी पण थयसरचोच, दादा."

घासाघीस केली नाही त्यानं.
तिथंच कान टवकारायला हवे होते.
बावीसशे दिनार म्हटल्यावर बावीसशे मोजणारा
आमच्याकडे अजून जन्मायचाय.
पण वाळूत पडलेला आपल्या बोलीचा एक शब्द
माणूस वाकून उचलतोच.

दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, स्क्रीनशॉट.
बँकेचं चिन्ह, तारीख, माझं नाव. जमा.
"ड्रायव्हर खाली आलाय. माझं विमान आहे, दादा,
तेवढी त्याच्याकडे द्या."

चारशे टक्के मोठा केला मी तो फोटो,
नवरीच्या पापण्या बघतो तसा.
एकेक शून्य तपासलं. कडा, सावली, दाणा.
निर्दोष होता.
खोटं कशाला बोलू, कारागिराचं कौतुक वाटलं.

एकोणीस वर्षं मी तरी काय केलं?
मिटलेले डोळे उघडले.
रजा न मिळालेला एक बाप
मुलीच्या मागे उभा केला, खांद्यावरच्या हातासकट,
आणि घरचे त्या फोटोपुढे रडले.
फोटो काय काय बोलू शकतो
हे मला कुणी शिकवायला नको.

मग खातं उघडलं. त्यानं पाठवलेल्या लिंकवरून नव्हे,
माझ्या ॲपमधून, माझ्या बोटानं.
एकेचाळीस दिनार दोनशे पन्नास फिल्स.
चहा ठेवला, प्यायलो, पुन्हा पाहिलं.
एकेचाळीस दोनशे पन्नास.
इतकं गरीब आणि इतकं खरं
घरात दुसरं काही नव्हतं.

"बँकेक वेळ लागता, दादा."
"मग लेन्सलाही लागेल."
त्याची मालवणी आटली. हिंदी आली, घाई आली,
शेवटी शिवी आली, ती मात्र पुन्हा मालवणीत.
शिवीवरून पटलं,
खरंच तिकडचा होता.

खाली हॉर्न वाजत होता.
खिडकीतून लेन्स रोखली, चोराचं तोंड बघू म्हणून.
मोटरसायकल. विशी-बाविशीचा पोरगा.
ओठांवरची भेग दिसली, इतकी जवळून
की मलाच लाज वाटली.

पाण्याची बाटली घेऊन उतरलो, लेन्स न घेता.
टेकराज. नेपाळमधल्या पाल्पाचा.
त्याला काही ठाऊक नव्हतं. पार्सल न्यायचं,
फेरीचे साडेतीन दिनार.
"मिल गया, साब," म्हणाला, आणि मोबाईल दाखवला.
त्यालाही एक स्क्रीनशॉट आला होता.

लेन्स गेली पुढल्या मंगळवारी, बँकेतच,
रोवेना नावाच्या नर्सकडे.
तिनं काचेत टॉर्च मारला, बिलाशी नंबर ताडला,
माझं ओळखपत्र उलटसुलट पाहिलं. मी तिचं.
नोटा कॅशियरच्या यंत्रातून फडफडत गेल्या,
पावती हातात आल्यावर मी पट्टा सोडला.
कुणाला राग आला नाही.
निघताना तिनं विचारलं, जहराला किती वाजता जायचं.

रात्री टेकराजला साडेतीन दिनार पाठवले
आणि कळवलं.
बराच वेळ काही नाही.
खातं उघडून बघत असेल.
शाब्बास, म्हटलं, बघ बाबा, नीट बघ.
वीस मिनिटांनी एक अंगठा आला.